पिशवी रिकामी करायला लावली, आता काय करू?

मॅडम, नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात आमची पिठाची गिरणी आणि मिरची कांडप आहे. यजमान अंथरुणाला खिळल्यापासून नऊ वर्षं मीच चालवते. चार वर्षांपूर्वी गावातली एक बाई मुलाला कामाला ठेवाल का म्हणून विचारायला आली. विचारतानाच तिने सांगितलं की सोळाव्या वर्षी तो दोन मोठ्या पोरांबरोबर मोबाइलचं दुकान फोडताना सापडला होता. महिना-दीड महिना रिमांड होमला होता, मग वर्षभर प्रोबेशनवर. मी ठेवून घेतलं. पहिल्या वर्षी मी मुद्दाम पन्नासाची नोट चाळणीजवळ पडू द्यायची. दर वेळी ती गल्ल्यात आलेली असायची. मग मी ते सोडून दिलं. पोरगा कामाला वाघ. जात्याला टाकी लावणं, पट्टा बदलणं, स्टार्टर उघडून बघणं, सगळं शिकला. सकाळी आयटीआय आणि दुपारनंतर गिरणी करून फिटर झाला. आता २३ वर्षांचा आहे.

यंदा दिवाळीच्या आधी, भाजणीच्या गर्दीत, लाइट बिलाचे काढून ठेवलेले १४ हजार सापडेनात. दीर तिथेच होते. गिऱ्हाइकांसमोर बोलले, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यावर दुसरं काय होणार!" मी त्यांना गप्प केलं नाही. उलट मीच पोराला म्हणाले, बाबा, पिशवी दाखव. त्याने ती फरशीवर उलटी केली. जेवणाचा डबा, एक पाना, जुना शर्ट. सगळं परत भरलं आणि गेला. तिसऱ्या दिवशी सुनेचा माहेरून फोन आला, तेव्हा कळलं की पैसे तिनेच घाईत स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांमागे ठेवले होते.

मुलाकरवी निरोप धाडला, आला नाही. त्याची आई दळण दुसऱ्या गिरणीत नेते. मला वाटायचं मी वाल्याचा वाल्मीकी करतेय. दीर म्हणतात गेला ते बरं झालं, लहानपणी लागलेली सवय जात नाही. खरंच जात नाही का? आणि आता मी काय करू? आणखी एक. मागे एसटीच्या कार्यशाळेची भरती निघाली तेव्हा पोलिसांच्या दाखल्याला भिऊन त्याने फॉर्मच भरला नाही. त्याला सरकारी नोकरी लागूच शकत नाही का?

– एक गिरणीवाली

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी पिशवीपाशी थांबले. डबा, पाना, जुना शर्ट. या तीन वस्तू तुम्ही मोजून लिहिल्यात, म्हणजे त्या तुमच्याही डोळ्यांपुढून हलत नसणार. मुलाचं आणि गावाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, ते फार चांगलं केलंत. छापताना मी आणखी दोन-तीन खुणा बदलल्या आहेत.

मुलांच्या हातून झालेल्या गुन्ह्यांची प्रकरणं बघणाऱ्या एका जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळावर मी सहा वर्षं होते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांत एक तरी बाई असावी लागते. ती बाई मी. तेव्हा आमच्यासमोर आलेला एक मुलगा बऱ्याच वर्षांनी मला बाजारात भेटला. लग्न झालेलं, कडेवर मुलगी. बोलता बोलता त्याने खिशातून प्लास्टिकची छोटी पिशवी काढली. तिच्यात बिलं होती. साबणाचं, रिफिलचं, मुलीच्या बिस्किटांचं. म्हणाला, "कुणी विचारलंच तर असावं, मॅडम." पंधराव्या वर्षी त्याने एक सायकल चोरली होती. त्यावर आमच्या मंडळाने दिलेला आदेश कधीच संपला होता. लोकांनी त्याला दिलेली शिक्षा मात्र तो खिशात घेऊन फिरत होता.

म्हणून सांगते, तुम्ही पिशवी दाखव म्हणालात तेव्हा तुमच्याकडच्या मुलाच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल याचा मला अंदाज आहे. पैसे तर त्याच्याकडे नव्हतेच. त्याला भीती वाटली असेल ती पान्याची. हा पाना माझा आहे, गिरणीतला नाही, हे आता मी कसं दाखवू?

आणि त्या पन्नासाच्या नोटेचं. तुम्ही त्याची परीक्षा घेत होतात हे त्याला माहीत होतं, ताई. रिमांड होम बघून आलेल्या मुलांना खाली पडलेली नोट कधी नुसती नोट दिसत नाही. त्याने ती वर्षभर उचलून गल्ल्यात टाकली, तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही, आणि तुम्ही ते थांबवलंत तेव्हा आपण पास झालो असं धरलं. परवा त्याला कळलं की निकाल अजून लागलेलाच नव्हता. तुमचा निरोप जाऊनही तो का आला नाही, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

वाल्याचा वाल्मीकी. मंडळावर असताना हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि सगळे ते मायेनेच म्हणत. तरी ही उपमा या मुलांना लावू नये असं मला मनापासून वाटतं. वाल्या कोळी मोठा माणूस होता. बायकामुलांचा धनी होता, वाटसरूंना मारून खडे टाकत त्याने रांजण भरले होते. तुमचा मुलगा सोळा वर्षांचा होता आणि वयाने मोठ्या दोघांच्या मागे मागे गेला होता. शिवाय वाल्याची सुटका झाली ती अंगावर वारूळ चढेपर्यंत तप केल्यावर, ऋषी झाल्यावर. आपण या मुलांकडूनही तेच मागतो. साध्या मुलासारखं राहून भागत नाही, त्यांनी कायम इतरांपेक्षा चांगलं असावं लागतं. तुमच्या सुनेने पैसे भलत्या जागी ठेवले तर ती घाई. त्याच्या हातून तेच झालं असतं तर? त्याला वाल्मीकी व्हायचं नाही. त्याला फिटर व्हायचंय, आणि तो झालासुद्धा.

आता सवयीचं. भावजींना सांगा, बहुतेकांची जाते. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास सुरू झाला आणि तीच मुलं म्हातारपणाकडे झुकली तरी तो चालू आहे. त्यावरून टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये मांडलं की पोरवयात कायदा मोडणाऱ्यांत दोन गट असतात. अगदी लहानपणापासून बिघडलेली आणि पुढेही तशीच राहणारी मुलं थोडी. चौदा-पंधराच्या सुमारास दोस्तांच्या नादाने सुरू करणारी आणि विशी ओलांडताना आपोआप सोडणारी मुलं पुष्कळ. काम मिळालं, घर झालं, जवळचं माणूस मिळालं की ती सुटतात. मात्र त्या वयात कपाळावर पक्का शिक्का बसला, शाळा सुटली, कुणी कामाला ठेवेना, तर बाहेर यायची वाट अरुंद होत जाते. तुमच्या गिरणीने त्याला चार वर्षं ती वाट दिली. तुम्ही आज स्वतःला बोल लावताय, पण हेही तुम्हीच केलंत, आणि ते पुसलं गेलेलं नाही.

भावजींच्या मनात बहुतेक आणखी एक गोष्ट असेल, कारण हल्ली या विषयावर बोलायला गेलं की ती निघतेच. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले आणि त्याला काही तासांत, ३०० शब्दांचा निबंध लिहिण्यासारख्या अटींवर जामीन मिळाला. तेव्हा मीही रात्रभर तळमळले होते. मेलेल्या मुलांच्या आईबापांना त्या निबंधाचं काय वाटलं असेल? पण माझा तो संताप तिथे चाललेल्या पैशाच्या जोराबद्दल होता, त्या मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपांबद्दल होता. तुमच्या गावातल्या मुलासाठी पहाटे वकील उठून आला नव्हता. तो महिना-दीड महिना निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होममध्ये, बसला, वर्षभर परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यापुढे हजेरी देत राहिला आणि त्याने एकही तारीख चुकवली नसावी, नाहीतर त्याची आई तुमच्या दारात उभी राहिली नसती. बड्या घरच्या मुलाचा राग या मुलावर काढायचा नसतो.

ज्याचं दुकान फुटलं त्यालाही मी विसरलेले नाही. त्याचं नुकसान झालं, त्याने कित्येक रात्री दुकानात झोपून काढल्या असतील. त्याला वाटत असेल की या पोराला कधी माफ करू नये, तर तो त्याचा हक्क आहे. तुमचा तो हक्क नव्हता. तुमच्या गिरणीतून चार वर्षांत एक रुपयाही गेलेला नाही.

आता काय करायचं ते सांगते.

निरोप धाडू नका, स्वतः जा. एकट्या जा, संध्याकाळी, तो घरी असेल तेव्हा. फराळाचा डबा नको, शर्टपीस नको, रडणंही शक्यतो नको. तुम्ही रडलात तर तुमची समजूत काढायचं काम त्याच्यावर येईल. गर्दी होती, भावजी तसे तापट आहेत, माझं डोकं फिरलं होतं, हे सगळं खरं असलं तरी दारातच ठेवून जा. सरळ म्हणा, "मी तुझी पिशवी रिकामी करायला लावली. माझ्या मुलाची, सुनेची लावली नाही, तुझीच लावली, आणि ती तुझ्या जुन्या गोष्टीवरून लावली. ते चुकलं." तो काही बोलणार नाही बहुधा. थोडा वेळ बसा आणि निघा.

त्याच्या त्या दिवसापर्यंतच्या पगाराचा हिशोब करून पैसे बरोबर न्या. दिवाळीचा बोनस दरवर्षी देत असाल तर यंदाचाही त्यात धरा. ती भरपाई नव्हे, त्याचे कमावलेले पैसे आहेत. लिहून न्या, त्याला मोजू द्या.

गिऱ्हाइकांसमोर माफी मागावी का, हे मी ठरवू शकत नाही, तुम्हीही ठरवू नका. एरवी मी म्हटलं असतं की अपमान चारचौघांत झाला तर माफीही चारचौघांत हवी. पण इथे एक अडचण आहे. त्या दिवशी गिरणीत उभ्या असलेल्या दहा बायकांना कदाचित भावजी रागाने बोलले एवढंच कळलं असेल. तुम्ही जाहीर माफी मागायला गेलात आणि त्यात जुनी गोष्ट निघाली, तर ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक होईल. त्यालाच विचारा. तो हो म्हणाला तर इतकंच बोला, "पैसे आमच्याच घरात सापडले, या पोरावर आम्ही उगाच आळ घेतला." त्याच्या सोळाव्या वर्षाबद्दल एक अक्षर नको.

भावजींना मात्र घरातच आणि स्पष्ट सांगा. त्यांना ही गोष्ट कुणी सांगितली होती? त्याच्या आईने तुमच्यावर विश्वास टाकून सांगितली होती, ती तुमच्याकडून त्यांच्याकडे गेली. मला वाटतं, पैशाच्या आळापेक्षा आईलाच हे जास्त लागलं असावं आणि म्हणून दळण दुसरीकडे गेलं. तिचीही वेगळी माफी मागायला हवी. भावजींनी गावच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही लिहिलं असेल तर आजच्या आज काढायला लावा. अशा मुलाची ओळख उघड करण्याला बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने बंदी घातली आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तो परत आलाच, तर गल्ल्याची पद्धत बदला. किल्ली कुणाकडे, पैसे कुणी काढले, कधी काढले, ते वहीत सही करून लिहायचं. सुनेने, मुलाने, तुम्ही, त्याने, सगळ्यांनी. वही असती तर त्या दिवशी कुणाचीच पिशवी उघडावी लागली नसती.

तो न येणं हेही शक्य आहे. आला नाही तर पुन्हा पुन्हा बोलवायला जाऊ नका.

आता सरकारी नोकरीचं. यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या मुलासारखी कितीतरी मुलं न भरलेल्या फॉर्ममुळे मागे राहतात. कुणी नकार दिलेला नसतो, भीतीनेच ती थांबतात.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याचं २४वं कलम सांगतं की ज्या मुलाचं प्रकरण या कायद्याखाली हाताळलं गेलं, त्याला दोषी ठरल्यामुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही. इतर कोणत्याही कायद्यात काहीही लिहिलेलं असलं तरी. त्याच कलमात पुढे आहे की त्या नोंदी ठरावीक काळानंतर नष्ट कराव्यात असा आदेश मंडळाने पोलिसांना द्यायचा. केंद्राच्या २०१६च्या आदर्श नियमांत ही मर्यादा सात वर्षांची आहे, त्यापुढे नोंद ठेवायची नाही. अपवाद एकच. सोळा वर्षांवरच्या मुलाने अतिशय गंभीर, म्हणजे कायद्यात किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा केला आणि बाल न्यायालयाने त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवून दोषी धरलं, तर नोंद राहते. दुकानफोडी त्यात बसत नाही.

ज्या पोलिसी दाखल्याला तो भ्यायला, त्याबद्दलही ७४व्या कलमातच लिहिलं आहे. निकाली निघालेल्या प्रकरणातली मुलाची कोणतीही नोंद पोलिसांनी चारित्र्य पडताळणीसाठी द्यायची नाही. हा कायद्याचा शब्द आहे, कुणा साहेबाची मेहेरबानी नव्हे.

सर्वोच्च न्यायालयापुढे असं प्रकरण आलेलं आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात उपनिरीक्षक म्हणून निवडल्या गेलेल्या एका तरुणाला अल्पवयात झालेल्या खटल्यावरून नोकरी नाकारली होती. त्या खटल्यातून तो सुटलेला होता. २०१९ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देताना म्हटलं की आरोप खरे ठरले असते तरी तेवढ्यावरून त्याची नोकरी जाऊ शकत नव्हती, कारण तेव्हा तो अल्पवयीन होता, आणि असा डाग पुसून मुलाला समाजात परत आणणं हाच या कायद्याचा हेतू आहे.

पण एक सावधगिरी. त्या तरुणाने फॉर्ममध्ये माहिती लपवलेली नव्हती. पडताळणीच्या फॉर्ममध्ये खोटं लिहिणं हा वेगळा दोष धरला जातो आणि त्यावरून नोकऱ्या गेल्या आहेत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर तपशिलात निकाल दिला, त्यात माहिती खरी असावी असं म्हटलं आणि उमेदवाराचं तेव्हाचं वय, गुन्ह्याचं स्वरूप बघून निर्णय घ्यावा असंही सांगितलं. तेव्हा "कधी अटक झाली होती का" असा रकाना आला, तर त्याने स्वतःच्या मनाने "नाही" लिहू नये आणि घाबरून फॉर्मही फाडू नये. आधी मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत काढावी. ती घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. उत्पन्न कमी असेल तर तिथे फुकट वकील मिळतो. त्या रकान्यात काय लिहायचं, २४व्या कलमाचा उल्लेख कसा करायचा, हे वकिलाच्या सल्ल्याने ठरवावं. नोंद नष्ट करण्याचा आदेश निघाला आहे का, नसेल तर कधी निघेल, हेही मंडळाकडे लेखी विचारावं. त्याला सोळाव्या वर्षी पकडलं, म्हणजे आदेश होऊन सात वर्षं व्हायला फार दिवस उरलेले नसतील.

मंडळाकडे आणखी एक गोष्ट विचारायला सांगा. त्याच्याबरोबरचे दोघे मोठे होते. त्यांचा खटला नेहमीच्या न्यायालयात वेगळा चालला असणार, कारण मुलाचं आणि मोठ्याचं प्रकरण एकत्र चालवता येत नाही. त्या खटल्याच्या कागदांत याचं नाव राहिलेलं असू शकतं. पोलिस ठाण्यात तेवढाच कागद हाती लागला की गोंधळ होतो. मंडळाची प्रत जवळ असली की तो तिथल्या तिथे मिटवता येतो. दाखला काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या कुणाच्याही नादी लागू नये.

हे सगळं तुम्ही त्याच्या घरी पहिल्याच भेटीत सांगायला बसू नका. माफीच्या पाठीवर उपकार ठेवल्यासारखं होईल. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मग हे पान कापून आईच्या हाती द्या, वाटलं तर तो वाचेल.

एक कागद मात्र पहिल्याच वेळी पगाराबरोबर न्या. गिरणीच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला. लेटरहेड नसेल तर साध्या कागदावर गिरणीचा शिक्का आणि तुमची सही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केलं, मोटार, स्टार्टर, पट्टे आणि जात्यांची देखभाल एकट्याने सांभाळली, चार वर्षं रोख रकमेची ने-आण केली आणि हिशोब कायम चोख राहिला. एवढंच लिहा, कारण एवढं खरं आहे. तो परत येणार असो वा नसो, हा कागद त्याचा आहे. पाकीट चिकटवू नका. तुमच्यासमोर त्याला काढून वाचता येऊ दे.